बाटलीवरची बारीक अक्षरे

डोळ्यांतून सारखे पाणी येते, रुमाल हातातून सुटत नाही, म्हणून घरातले वडीलधारे माणूस डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाते. डॉक्टर तपासतात आणि म्हणतात, "डोळे कोरडे झालेत, हे थेंब घाला." माणूस चक्रावते. पाण्याने भरलेले डोळे कोरडे कसे? मग घरी येऊन चर्चा होते, "डॉक्टरांनी नीट बघितलेच नाही," असा निकाल लागतो आणि लिहून दिलेली बाटली फ्रीजवर पडून राहते. महिन्याभराने तीच बाटली शेजारच्या खालाच्या लाल झालेल्या डोळ्यांसाठी कामी येते.

आम्ही डॉक्टर नाही, शाळामास्तर आहोत. पण उर्दू शाळेत शिकवणाऱ्याला मोहल्ल्यातले लोक निम्मा हकीम समजतात. बँकेचा फॉर्म, रेशन कार्डाचा अर्ज आणि औषधाची चिठ्ठी, तिन्ही आमच्याकडे वाचायला येतात. गेल्या काही वर्षांत या चिठ्ठ्यांत डोळ्यांच्या थेंबांचे प्रमाण फार वाढले आहे. म्हणून जाणकारांना विचारून, पुस्तके पाहून जे आमच्या ध्यानात आले ते इथे मांडतो.

आधी त्या पाण्याचे कोडे सोडवू. आपल्याला रडताना जे पाणी येते ते वेगळे, आणि डोळ्यावर दिवसभर जो ओलावा असतो तो वेगळा. डोळ्याच्या पृष्ठभागावर अश्रूंचा एक अतिशय पातळ पापुद्रा असतो. सगळ्यात आत, बुबुळाला धरून ठेवणारा चिकट थर, त्यावर पाणी, आणि त्या पाण्यावर तेलाची नाजूक साय. हे तेल पापण्यांच्या कडांत असलेल्या बारीक ग्रंथींतून येते. जर्मन वैद्य हाइनरिश माइबोम यांनी 1666 मध्ये या ग्रंथींचे वर्णन केले, म्हणून त्यांना आजही मायबोमियन ग्रंथी म्हणतात. दूध तापवून ठेवले की साय धरते आणि खालचे दूध झाकले जाते, तसे हे तेल खालचे पाणी उडू देत नाही. दर वेळी पापणी मिटली की हा पापुद्रा नव्याने पसरतो.

आता तेल कमी झाले किंवा घट्ट होऊन ग्रंथींतच अडकले, तर पाणी भराभर उडते. बुबुळाचा भाग उघडा पडतो, तिथे जळजळ होते, वाळूचा कण गेल्यासारखे खुपते. बुबुळ हा शरीरातल्या सर्वांत संवेदनशील भागांपैकी एक. तो मेंदूकडे तक्रार पाठवतो आणि मेंदू मोठ्या अश्रुग्रंथीला हुकूम देतो की पाणी सोड. पाणी येते ते भरपूर, पण पातळ. त्यात तेलही पुरेसे नाही आणि चिकटपणाही नाही. ते डोळ्यावर टिकत नाही, गालावर ओघळते. काही सेकंदांत डोळा पुन्हा कोरडा. म्हणजे गालावरचे पाणी हीच कोरडेपणाची खूण असू शकते. "असू शकते" असे म्हणतो, कारण अश्रूंची नळी बंद असल्यानेही पाणी येते. ते ठरवणे डॉक्टरांचे काम.

तपासणी अवघड नसते. खालच्या पापणीत एका खास कागदाची पट्टी अडकवतात आणि पाच मिनिटांत ती किती मिलिमीटर भिजली ते मोजतात. ऑटो शिर्मर यांनी 1903 मध्ये सांगितलेली ही रीत आजही चालते. दहा मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर शंका, पाचपेक्षा कमी भिजली तर अश्रू नक्कीच कमी. दुसऱ्या तपासणीत डोळ्यात पिवळसर रंग घालून, पापणी न मिटता तो पापुद्रा किती सेकंदांत फुटतो ते निळ्या उजेडात पाहतात.

हा त्रास कोणाला होतो, याचे उत्तर आपल्याच घरांत सापडेल. पन्नाशीच्या आसपासच्या बायका सर्वांत पुढे, कारण पाळी जाताना शरीरातले जे बदल होतात त्यांचा परिणाम या ग्रंथींवर होतो. साखरेचे जुने रुग्ण. मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झालेले आजी-आजोबा. सर्दी-खाजेसाठी रोज सेटिरिझिनची गोळी घेणारे, कारण नाक सुकवणारी गोळी डोळेही सुकवते. मानसिक ताणाच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांचेही तसेच. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांवर कापसाच्या तुसात बारा-बारा तास उभे राहणारे कारागीर. चुलीच्या धुरात बसणाऱ्या माउल्या. आणि कोकणातल्या घराघरांतून आखातात गेलेली मुले, ज्यांचा दिवस बाहेर वाळवंटाच्या हवेत आणि आत एसीच्या झोतात जातो. दोन्ही हवा कोरड्याच.

आणखी एक गट आहे तो आमच्या डोळ्यांसमोरचा. एरवी माणूस मिनिटाला पंधरा-एक वेळा पापणी मिटतो. टक लावून वाचताना किंवा मोबाइल पाहताना हा आकडा निम्म्यावर, कधी त्याच्याही खाली येतो. मिटली तरी अर्धवट मिटते. पापणी मिटली नाही तर तेल पसरणार कसे? दिवसभर मुसहफ घेऊन बसणारा हिफ्जचा विद्यार्थी, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलगी, शिवणयंत्रावर जरीकाम करणारी बाई, आणि रात्री दोनपर्यंत व्हिडिओ पाहणारा आमचा नववीतला विद्यार्थी, चौघांचेही डोळे एकाच कारणाने सुकतात. पुण्य कोणाच्या पदरात जास्त, तो प्रश्न वेगळा.

थेंबांत असते काय

कोरड्या डोळ्यांसाठी जे थेंब देतात त्यांना कृत्रिम अश्रू म्हणतात. ते डोळ्याला अश्रू तयार करायला लावत नाहीत. जो ओलावा कमी पडतो तो बाहेरून भरून देतात, एवढेच त्यांचे काम. आपल्याकडे सर्वांत जास्त खपणारा घटक म्हणजे कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज. नाव लांबलचक, पण वस्तू साधी. झाडांच्या तंतूंपासून केलेला हा चिकट पदार्थ पाण्यात विरघळतो आणि पाण्याला धरून ठेवतो. बाटलीवर त्यापुढे 0.5 टक्के किंवा 1 टक्का असे लिहिलेले असते. एक टक्क्याचा थेंब घट्ट, जास्त वेळ टिकतो, पण घातल्यावर काही मिनिटे धूसर दिसते. हायड्रॉक्सीप्रोपाइल मिथाइल सेल्युलोज, पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि सोडियम हायलुरोनेट हे दुसरे नेहमीचे घटक. यातला कुठला उत्तम, हा वाद निरर्थक आहे. एकाला जो मानवतो तो दुसऱ्याला मानवेलच असे नाही, आणि महागाचा जास्त चांगला असेही नाही. कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोजचे थेंब जन औषधी केंद्रातही मिळतात आणि खिशाला परवडतात.

रात्रीसाठी जेल किंवा मलम मिळते. झोपेत ज्यांच्या पापण्या पूर्ण मिटत नाहीत त्यांना त्याचा फार उपयोग. दिवसा मात्र ते घालू नये, सगळे जग दुधातून पाहिल्यासारखे दिसते.

एक शब्द घरातल्या वाचणाऱ्या मुलाने लक्षात ठेवावा, बेन्झाल्कोनियम क्लोराइड. बाटली उघडल्यावर आतल्या द्रवात जंतू वाढू नयेत म्हणून हा पदार्थ मिसळतात. दिवसातून दोन-तीन वेळा थेंब घालणाऱ्याला त्याने सहसा काही होत नाही. पण दिवसातून सहा-आठ वेळा, महिनोन्महिने घालायची वेळ आली तर हाच पदार्थ बुबुळाच्या नाजूक पृष्ठभागाला इजा करतो, आणि ज्या जळजळीसाठी थेंब घेतले तीच वाढते. अशांनी डॉक्टरांना विचारून या पदार्थाशिवायचे थेंब घ्यावेत. ते एकदाच वापरून टाकायच्या छोट्या कुप्यांत किंवा खास बनावटीच्या बाटलीत येतात. किंमत जास्त असते हे खरे.

खरी भीती दुसऱ्याच बाटलीची

इथपर्यंत जे लिहिले ते सगळे तुलनेने निरुपद्रवी थेंबांबद्दल. कृत्रिम अश्रू चुकून दोन वेळा जास्त घातले तर फारसे बिघडत नाही. आमचा हा लेख लिहिण्याचा खरा हेतू वेगळा आहे. आपल्या घरांत "डोळ्यांचे ड्रॉप" हा एकच शब्द आहे आणि त्या एका शब्दाखाली चार वेगवेगळी औषधे फिरत असतात.

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात सातवीला एक मुलगा होता. डोळे सतत लाल, सतत चोळायचा. उन्हाळा आला की जास्त. घरच्यांनी औषधाच्या दुकानात सांगितले, दुकानदाराने एक बाटली दिली. दोन दिवसांत डोळे पांढरेशुभ्र झाले. सगळ्यांना वाटले, काय गुणकारी औषध आहे! बाटली संपली की अब्बा नवी आणायचे. चिठ्ठी कोणी मागितली नाही, कोणी दाखवली नाही. असे दीड-दोन वर्षे चालले. पुढे तो फळ्यावरची अक्षरे चुकू लागला, बाजूने येणारा चेंडू त्याला दिसेना. आम्ही आई-वडिलांना बोलावून शहरातल्या डोळ्यांच्या रुग्णालयात पाठवले. त्या बाटलीत स्टेरॉइड होते. एका डोळ्याची नस बरीच सुकून गेली होती. तो आज कमावता तरुण आहे, पण त्या डोळ्याची गेलेली नजर परत आली नाही आणि येणारही नाही.

यात काय घडले ते समजून घ्या. उष्ण, कोरड्या मुलखात मुलांना डोळ्यांची खाज येणारी एक ॲलर्जी फार दिसते. स्टेरॉइडने ती झपाट्याने दबते, म्हणून डॉक्टरही ते लिहितात, पण थोड्या दिवसांसाठी आणि तपासणी ठेवून. काही लोकांच्या डोळ्यांत स्टेरॉइडमुळे दाब वाढतो. हा दाब दुखत नाही, लाली आणत नाही, उलट डोळा पांढरा आणि छान दिसत राहतो. आतल्या आत दृष्टीची नस मरत जाते. यालाच काचबिंदू म्हणतात, आणि त्यात गेलेली नजर कुठल्याही ऑपरेशनने येत नाही. शिवाय कोवळ्या वयात मोतीबिंदूही होऊ शकतो, तो निदान काढता येतो. शेतात गवताचे पाते किंवा भाताचे तूस डोळ्यात जाऊन बुरशीची जखम झाली असेल आणि त्यावर कोणी स्टेरॉइड घातले, तर बुरशीला मोकळे रान मिळते.

तिसरी बाटली लाली घालवणारी. नॅफॅझोलीन हे त्यातले एक नाव. ती डोळ्याच्या रक्तवाहिन्या आवळते, डोळा लगेच पांढरा दिसतो. लग्नाच्या फोटोआधी मुले-मुली हे थेंब घालतात असे ऐकतो. परिणाम उतरला की वाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात, लाली वाढते, पुन्हा थेंब, आणि असे चक्र सुरू होते. कोरडेपणावर त्याचा काडीचा उपयोग नाही. लहान मुलाने ही बाटली तोंडात पिळली तर जिवावर बेतू शकते, म्हणून ती पोराबाळांच्या हाताला लागू देऊ नये. चौथी बाटली जंतुनाशक औषधाची. तिचाही कोरड्या डोळ्याशी संबंध नाही, आणि बऱ्याचदा तिच्यातच स्टेरॉइड मिसळलेले असते. दुकानदार "इन्फेक्शनचे ड्रॉप" म्हणून देतो आणि आपण निर्धास्त राहतो.

मग ओळखायचे कसे? रंगावरून नाही, खोक्यावरच्या डोळ्याच्या चित्रावरून नाही, मोठ्या अक्षरांतल्या कंपनीच्या नावावरूनही नाही. एकाच नावापुढे एखादे अक्षर वाढले की आत औषध दुसरे असते. मोठ्या नावाखाली बारीक इंग्रजी अक्षरांत घटकाचे नाव छापलेले असते, ते वाचायचे. आम्ही आठवीच्या मुलांना हा पाठ मुद्दाम दिला. घरातली प्रत्येक डोळ्यांची बाटली घ्या आणि घटकाच्या नावाचा शेवट पाहा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन. शेवटी "सोन" किंवा "लोन" ऐकू आले की थांबा. काही नावे या नियमात बसत नाहीत, जसे लोटेप्रेडनॉल, ती वेगळी पाठ करा. असे नाव दिसले तर ती बाटली डॉक्टरांनी याच माणसाला, याच वेळी लिहून दिली आहे का, हे विचारा. नसेल तर ती कोणाच्याही डोळ्यात जाता कामा नये. दुसऱ्या दिवशी चाळीस मुलांच्या वर्गात नऊ जणांनी अशा बाटल्यांची नावे वहीत लिहून आणली. कोणाच्या दादीची, कोणाच्या चाचूची, दोघांची तर स्वतःचीच. त्या घरांना आम्ही निरोप पाठवला की चालू उपचार आपल्या मनाने बंद करू नका, पण बाटली घेऊन डॉक्टरांना दाखवा.

एक थेंब का, दोन का नाहीत

डोळ्यावर एरवी सुमारे सात मायक्रोलिटर अश्रू असतात. पापणी ओढून धरली तरी आत जास्तीत जास्त तीस मायक्रोलिटर मावते. आणि बाटलीतून पडणारा एक थेंब असतो तीस ते पन्नास मायक्रोलिटरचा. म्हणजे पहिल्याच थेंबाने प्याला काठोकाठ भरतो, दुसरा थेंब गालावरच येतो. "जरा जास्त घाल, लवकर बरे वाटेल," हे गणितात बसत नाही. दोन वेगवेगळी औषधे घालायची असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत, घट्ट औषध शेवटी.

हात साबणाने धुवा. मान मागे करा, खालची पापणी बोटाने ओढून खिसा करा, त्या खिशात एक थेंब सोडा. बुबुळावर नेम धरू नका, माणूस दचकतो. मग डोळा अलगद मिटून, नाकाजवळचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरा. तिथूनच अश्रूंची नळी नाकात आणि पुढे घशात उतरते. दाबल्याने औषध डोळ्यातच राहते, घशाला कडू लागत नाही. ज्या वृद्धांचे हात थरथरतात त्यांनी आडवे पडून घ्यावे आणि नातवाला बोलवावे. बाटलीचे टोक पापणीला, बोटाला, कशालाच लागू देऊ नये, आणि एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर ती काढून थेंब घालावा आणि पंधरा मिनिटांनी परत लावावी.

बाटली उघडल्यापासून एक महिना, मग उरले तरी फेकायचे. आमच्याकडे "फेकायचे" या शब्दाला मोठा विरोध होतो. पण हिशेब पाहा. दहा मिलिलिटरच्या बाटलीत दोनशे ते अडीचशे थेंब. दोन्ही डोळ्यांत दिवसातून चार वेळा म्हणजे आठ थेंब. पंचवीस ते तीस दिवसांत बाटली आपोआप संपते. महिन्यानंतरही उरत असेल तर आपण औषध नीट घालत नाही आहोत. उघडल्याची तारीख पेनने बाटलीवरच लिहून ठेवावी.

ही सावधगिरी कशासाठी, याचे उदाहरण 2023 मध्ये अमेरिकेत सगळ्यांनी पाहिले. तिथल्या लोकांनी वापरलेले कृत्रिम अश्रू तमिळनाडूतल्या एका कारखान्यात तयार झाले होते. त्या थेंबांत जंतुरोधक पदार्थ नव्हता, आणि बाटली मात्र अनेक वेळा वापरायची. त्या थेंबांतून स्यूडोमोनास नावाचा, बहुतेक प्रतिजैविकांना दाद न देणारा जंतू पसरला. अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने मे 2023 मध्ये दिलेला हिशेब असा: 18 राज्यांत 81 रुग्ण, 14 जणांची दृष्टी गेली, चौघांचा डोळा काढावा लागला, चौघे दगावले. सर्वांत निरुपद्रवी समजल्या जाणाऱ्या औषधातून हे झाले. बाटलीचे झाकण फुटलेले, द्रव गढूळ, किंवा बॅच आणि तारीख खोडलेली असेल तर पैशांचा विचार न करता परत करावी.

सुरमा, गुलाबपाणी आणि वुजू

घरगुती उपायांबद्दल लिहिले नाही तर वाचक भगिनी आम्हाला माफ करणार नाहीत. गुलाबपाणी बाजारात मिळते ते निर्जंतुक नसते, ते डोळ्यात घालू नये. मधाचेही तेच. गरम पाण्यात भिजवून पिळलेल्या स्वच्छ फडक्याचा शेक मात्र मनापासून करावा. पापण्यांवर पाच ते दहा मिनिटे, सोसेल इतका गरम, थंड झाला की पुन्हा भिजवून. ग्रंथींत थिजलेले तेल त्याने वितळते. तूप थिजले की आपण डबा उन्हात ठेवतो, तसाच हा प्रकार. मग पापणीच्या कडेला बोटाने हलके चोळावे. ज्यांचे तेल अडकले आहे त्यांना थेंबांइतकाच, कधी थेंबांपेक्षाही जास्त आराम यानेच पडतो. फुकट आहे म्हणून कोणी करत नाही, हे दुर्दैव.

माशाच्या तेलाच्या महाग कॅप्सूल पुष्कळ जण घेतात. अमेरिकेत 535 रुग्णांवर वर्षभर प्रयोग झाला, त्याचा निकाल 2018 मध्ये आला. माशाच्या तेलाने बरे वाटलेले लोक आणि नुसत्या ऑलिव्हच्या तेलाने बरे वाटलेले लोक, यांत फरक आढळला नाही. मासे ताटात खावेत, कॅप्सूलचे पैसे वाचवावेत.

सुरम्याचा विषय नाजूक आहे. हदीसमध्ये इस्मिदचा उल्लेख येतो आणि इस्मिद म्हणजे अँटिमनीचा दगड, असे बहुतेक जाणकार सांगतात. पण आज बाजारात सुरमा म्हणून जे विकले जाते त्याच्या तपासण्या वेगवेगळ्या देशांत झाल्या आणि कित्येक नमुन्यांत शिशाचे संयुग निघाले, काहींत तर निम्म्याहून जास्त. शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक असते, आणि डोळे चोळलेले बोट मूल तोंडात घालतेच. कोरड्या डोळ्यात सुरम्याची बारीक पूड खुपून त्रास वाढतो तो वेगळाच. डब्यावर "शुद्ध" लिहिले आहे एवढ्यावर विश्वास ठेवून तान्ह्या बाळाच्या डोळ्यात काहीही घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वुजूने डोळे दिवसातून पाच वेळा ओले होतात, मग थेंब कशाला, असे एका बुजुर्गांनी विचारले. साधे पाणी डोळ्यावर टिकत नाही, उलट डोळ्यावर मारले तर आहे तो तेलाचा थर धुऊन नेते. वुजूत डोळ्याच्या आत पाणी घालायचे नसतेच. तेव्हा चेहरा धुताना डोळे मिटलेले ठेवावेत आणि थेंब वुजूनंतर घालावेत.

रमजान आला की हमखास विचारला जाणारा प्रश्न, रोजात थेंब चालतात का? डोळा ही पोटात जाणारी खुली वाट नाही, म्हणून हनफी आणि शाफई या दोन्ही मसलकांत डोळ्यात औषध घातल्याने रोजा तुटत नाही, घशात चव जाणवली तरी. महाराष्ट्रात देशावरचे बहुसंख्य मुसलमान हनफी आणि कोकणातले शाफई, म्हणजे आपल्या बहुतेक घरांना हे लागू होते. मालिकी मसलकात चव घशात पोहोचली तर रोजा तुटतो असे मानतात. जिद्दाच्या इस्लामिक फिक्ह अकादमीने 1997 च्या बैठकीत रोजा न तोडणाऱ्या गोष्टींत डोळ्यांचे थेंब मोजले, घशात उतरलेले गिळणे टाळावे या शर्तीवर. वर सांगितलेला कोपरा दाबण्याचा उपाय इथेही कामाचा. तरीही मनात खटका राहत असेल तर आपल्या आलिमांना विचारावे. कृत्रिम अश्रू घेणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने सहरी, इफ्तार आणि तरावीहनंतर अशा वेळा लावून घेतल्या, रात्री जेल घातले, तरी बऱ्याच जणांचे भागते.

काचबिंदूच्या थेंबांची गोष्ट निराळी. ते थेंब डोळ्यातला दाब धरून ठेवतात आणि त्यांच्या वेळा ठरलेल्या असतात. रोजाच्या नावाखाली काही बुजुर्ग महिनाभर ते बंद करतात, कोणाला सांगतही नाहीत. घरच्यांनी रमजानच्या आधीच डॉक्टर आणि आलिम दोघांना विचारून वेळापत्रक लिहून घ्यावे आणि दिवसातून एकदा विचारावे, "अब्बा, थेंब घातले का?"

राहता राहिले डॉक्टरांकडे लगेच कधी धावायचे ते. डोळा दुखतो आहे, उजेड सहन होत नाही, नजर अचानक धूसर झाली, पू येतो आहे, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो आहे, यातले एक जरी असेल तर कृत्रिम अश्रूंवर एक दिवसही काढू नये. डोळ्यांबरोबर तोंडही सतत कोरडे, चपाती पाण्याशिवाय गिळता येत नाही, सांधे दुखतात, असे असेल तर ते आवर्जून सांगावे. स्वीडनचे डॉक्टर हेन्रिक शोग्रेन यांनी 1933 मध्ये वर्णन केलेला आजार त्यामागे असू शकतो, तो बायकांत जास्त आढळतो आणि त्याला नुसते थेंब पुरत नाहीत. महिनाभर नीट थेंब घालून, शेक घेऊनही फरक पडला नाही तर पुन्हा जावे. सूज कमी करणारे सायक्लोस्पोरिनचे थेंब अशा वेळी देतात, त्यांचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात. पंधरा दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून ते सोडू नयेत.

आणि जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या एका पिशवीत घालून न्याव्यात. रिकाम्यासुद्धा.